न पाहता मोजलेली मुलगी

गुरुजी, रविवारी अकरा वाजता आपल्या शाळेच्या व्हरांड्यात तुमची शोकसभा आहे आणि बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. "चार चांगले शब्द लिहून आणा बाई, त्यांच्याबरोबर तुम्हीच काम केलंय," असं केंद्रप्रमुख म्हणाले. चांगले शब्द मला पोत्यानं येतात. गावातली मानपत्रं, निरोपाची भाषणं, पंधरा ऑगस्टचं सरपंचांचं भाषण, सगळं मीच लिहून देते. तुमच्यावर लिहायला बसले आणि दोन कागद फाडले, कारण दोन्हींत तुम्ही शांत, मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय होतात. होतात, नाही कोण म्हणतंय? पण हे कुठल्याही गेलेल्या मास्तरबद्दल म्हणतात.

खुर्चीवर विस्तार अधिकारी साहेब असणार. समोर गाव असणार. तुमच्या घरून सुमनकाकू येणार आहेत, त्यांना आणायला जीप जाणार आहे. आणि माझी मनी असणार, जिला सहा वर्षं वाटत आलंय की तुमची बदली तिच्यामुळं झाली. तशी ती झालेली नाही, हे फक्त दोघांना पक्कं माहीत होतं. त्यातले एक तुम्ही होतात.

म्हणून आता हा तिसरा कागद. शाळा सुटलीय, शिपाई कुलूप घेऊन दारात ताटकळलाय. ताटकळू दे त्याला.

तुम्ही आलात ते शिरगणतीच्या वर्षी. आल्या आल्या आपण दोघांनी गाव मोजला. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, पुरुष, बायका, पोरं. तुम्ही प्रत्येक दारात उभं राहून म्हणायचात, "माणसं बाहीर बोलवा, बघून लिवतो." मला वैताग यायचा. लोक सांगतात तेवढे लिहावेत आणि पुढं जावं, ऊन कमी आहे का! तुमचं एकच, "सांगितलेलं येगळं, बघितलेलं येगळं." एका घरात सांगितले सात आणि निघाले नऊ, कारण म्हातारी आणि पाळण्यातलं पोर त्यांनी धरलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून मिशीत हसलात, आणि मला त्याचा राग आला.

दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी तुमच्याकडं, मध्ये फळ्या ठोकून केलेली आडभिंत. तुमचा वर्ग मला सगळा ऐकू यायचा. मधल्या सुट्टीनंतर पोरं भाकरी खाऊन सुस्तावलेली असायची. तुम्ही टेबलाला टेकायचात आणि म्हणायचात, "समजा..."

"समजा, दुनियेतली सगळी कुत्री निळी असती. आनि आपला मोती कुत्राच हाय. तर मोती कसल्या रंगाचा?"

"मोती पांढरा हाय गुरुजी!" संत्या ओरडायचा. "आत्ता दारात बसलाय, बघा की."

"मी समजा म्हणलंय."

"तरी पांढराच हाय."

मग चौथीतली शेवंता वैतागून म्हणाली होती, "आरं, त्यांनी समजा म्हणलंय न्हवं? मग निळाच की! खरा कुठाय निळा? समजा निळा."

माझी पहिलीतली पोरं 'ग' गिरवायचं सोडून फळ्यांच्या फटींना डोळे लावून बसायची. मी तुम्हाला सुनावलं. "त्यापेक्षा पाढे घ्या. एकोणतीसचा पाढा एकालाही येत नाही." तुम्ही म्हणालात, "पाढा येईल ओ. जे पोर 'पांढराच हाय' म्हणतंय ते ढ न्हवं बाई. त्याचे दोन्ही पाय भुईवर घट्ट हायत. त्याला एक पाय उचलून बघायला शिकवायचं. दुसरा खालीच." मी मनात म्हटलं, हे एका पायावर नाचायला शिकवणार आणि परीक्षेचा निकाल मी लावणार.

पण ऐकता ऐकता मीसुद्धा ताडायला लागले, हे आज कबूल करते. पुढचं 'तर' पोरांना लवकर जमतं. पाऊस आला तर भिजू, दगड मारला तर फुटेल. मागचं जमत नाही. संत्यानं घंटेच्या आधीच डबा खाल्ला होता. तुम्ही विचारलंत, "आधी खाल्ला नसतास, तर आता डब्यात काय असतं?" त्यानं डबा उघडून बघितला आणि म्हणाला, "रिकामा हाय." तीनदा विचारलंत, तीनदा त्यानं डबा उघडला. अख्खा वर्ग हसला. वर्षभरानं त्याच संत्यानं त्याच प्रश्नाला मान खाली घालून सांगितलं, "भाकरी असती." आणि त्याचा चेहरा पडला.

त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत. फळा पुसताना आडभिंतीपलीकडून मला म्हणालात, "बाई, हे मागचं आलं की पोराला पस्तावा कळतो. आता ह्याला एकटं सोडायचं न्हाई. काय झालं, कुणामुळं झालं, सगळं खरं सांगावं लागतं. न्हाईतर पोरगं नसलेला दोष पण आपल्या अंगावर घेतंय." मी "हूं" म्हटलं. तेव्हा मला वाटलं, हे संत्याच्या भाकरीबद्दल आहे.

आपलं पहिलं भांडण मनीवरून झालं. मनी तुमच्या तिसरीत. तिचे वडील, आबा, तेव्हा जम्मूच्या वर कुठंतरी होते आणि पत्र दीड-दीड महिना येत नव्हतं. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर हे, आणि दोन्ही गावांत घरटी एक माणूस फौजेत. अशा घरांतून काही वाक्यं बोलतच नाहीत. निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कुंकू संपत नाही, वाढतं. दिवा विझत नाही, शांत होतो. वास्तू तथास्तु म्हणते, हे मी दूध पितानाच शिकलेय.

एका संध्याकाळी सासूबाई, मी आणि मनी जेवायला बसलो होतो. मनीनं घास हातात धरून सरळ विचारलं, "आई, समजा आबा आलंच न्हाईत, तर आपण ह्याच घरात ऱ्हायाचं का आजोळी?"

मी डाव्या हातानं तिच्या थोबाडीत दिली. सासूबाई पानावरून उठल्या आणि देवापाशी जाऊन बसल्या. मनी रडली नाही. तिला मी का मारलं हेच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या वर्गात शिरले, पोरांसमोर. काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असणार. तुम्ही पोरांना मैदानात पाठवलंत आणि म्हणालात, "तिनं बापाचं वाईट चिंतलं न्हाई बाई. ती घर शोधत हुती. ते तिच्या डोक्यात आधीच हुतं, मी फकस्त त्याला तोंड दिलं."

"असल्या गोष्टी बोलायच्या नसतात."

"बोललं न्हाई म्हणून जात्यात व्हय?"

"वास्तू तथास्तु म्हणते गुरुजी!"

तुम्ही थोडं हसून म्हणालात, "आमच्या घरात छप्पन साली वडलांनी सगळं इसर्जन केलं. तथास्तु म्हणणारं कुणी ठेवलंच न्हाई."

आणि मी म्हणाले, "तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही."

वाक्य तोंडातून सुटलं तेव्हाच मला कळलं ते कुठं जाऊन लागलंय. तुम्ही खडू खिशात ठेवलात आणि पोरांना हाक मारायला बाहेर गेलात. पुढं कित्येक दिवस तुम्ही माझ्याशी अगदी नीट, अगदी व्यवस्थित बोलत राहिलात, आणि त्या नीटपणानं मी रोज वरमत होते. 'चुकलं' एवढा एक शब्द होता. आडभिंत काय, चार फळ्यांची होती.

त्याच हिवाळ्यात सहल निघाली. मिरज जंक्शन दाखवायचं हा तुमचाच हट्ट. तेव्हा तिथं तीन रुंदीचे रूळ होते, रुंद, मधले आणि पंढरपूरकडं जाणाऱ्या छोट्या गाडीचे अरुंद. "तीन मापाच्या वाटा एका जागी पोरांनी बघायला पायजेत," म्हणायचात. तिसरीची पंधरा, चौथीची सतरा, बत्तीस पोरं. चौथी तुम्ही सांभाळायची, तिसरी मी. ताकारी स्टेशनावर पोरं रांगेत उभी होती, नव्या रिबिनी, डब्यात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. तुम्ही पुढं उभे राहिलात आणि सुरू केलंत, "हं, ऐका. समजा मिरजेत कोण हारवलं, तर त्यानं..."

"गुरुजी!" मी असं ओरडले की हमालानंही वळून बघितलं. "निघताना तरी अभद्र नको. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग पोरांकडं. "बरं," म्हणालात. "समजा न्हाई. नुसतं हात धरा एकमेकांचं."

मिरजेत छोट्या गाडीच्या फलाटावर पोरांनी डबे खाल्ले. गाडी उभीच होती, खेळण्यातल्यासारखी. जेवण झाल्यावर पूल ओलांडून मोठं इंजिन बघायला जायचं होतं. तुम्ही तुमची सतरा मोजलीत, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. मी माझी मोजली. चौदा झाली, आणि मी मोठ्यांदा म्हटलं, "मनी माझी, पंधरा. पंधरा भरली गुरुजी!"

तुम्ही वहीतून मान वर केलीत. "डोळ्यांनी मोजली न्हवं बाई?"

"माझी पोर मी विसरेन होय?"

आपलं मूल कोण मोजतं? ते धरलेलंच असतं. तुम्ही क्षणभर थांबलात. मागच्या भांडणाची अढी अजून तशीच होती. ती नसती तर तुम्ही स्वतः मोजायला आला असतात. तुम्ही बत्तीस लिहिलंत आणि आपण पूल चढलो.

पुलापलीकडं दहा मिनिटांनी मनीच्या जोडीदारणीनं माझा पदर ओढला. "बाई, मनी कुठाय?"

मी परत पुलावर धावले आणि खाली बघितलं. अरुंद रूळ मोकळे होते. गाडी गेली होती.

त्यानंतर मी काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पूल उतरले, रुळांवर धावले, कुणीतरी मला दंडाला धरून मागं ओढलं. पोरं पळवणाऱ्यांच्या गोष्टी त्या वर्षी गावोगाव चालू होत्या. मी हमालांची पोती हलवून बघितली. आणि तुम्ही एका जागी उभे होतात. त्या उभं राहण्याचा मला इतका संताप आला, गुरुजी. तुम्ही त्या जोडीदारणीसमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "मनी शेवटी काय म्हणली?"

"डब्यात बसाय कसं वाटतंय बघून येती म्हणली."

तुम्ही डोळे मिटलेत. "समजा मी मनी हाय. आठ वर्सांची. गाडी हालली..."

"समजा-समजा करत बसू नका हो!" मी किंचाळले.

डोळे उघडून तुम्ही अगदी हळू म्हणालात, "ती पयल्या ठेसनावर उतरंल. आरगला. तिथंच थांबंल. तुमी हिथनं हालू नका, समदी पोरं घिऊन पुलाखाली बसा. मी चुकत असलो आनि ती मागारी आली, तर हिथंच येणार." स्टेशनमास्तरांनी आरगला फोन लावून बघितला, तो लागेना. तुम्ही बाहेर गेलात आणि एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागं बसलात, एवढं मला दिसलं.

मी 'समजा' म्हणायला शिकले ते त्या अडीच तासांत. समजा तिनं चालत्या गाडीतून उडी मारली असेल. समजा कुणी खाऊ देऊन नेली असेल. समजा आबांचं पत्र आलं, आणि त्यात पहिली ओळ 'मनी कशी आहे' असेल. वास्तूनं तथास्तु म्हणू नये म्हणून मी दातांत पदर धरून बसले होते, आणि डोकं थांबत नव्हतं. आपली परतीची पॅसेंजर आली आणि गेली. एकतीस पोरं आवाज न करता बसली होती. संत्या सरकत सरकत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, समजा मनी घावली, तर तिला भूक लागलेली असंल न्हवं? माझ्याकडं अर्धा लाडू हाय." माझ्या डोक्यात जे एकदाही आलं नव्हतं ते त्या पोराच्या डोक्यात आलं होतं.

तुम्ही तिला घेऊन आलात. मी आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग पोटाशी धरली. ती धुळीनं माखलेली होती आणि अगदी ताळ्यावर होती. तिनंच सांगितलं. "गाडी हालली तवा उडी मारणार हुते. मग म्हणलं, समजा पाय घसरला तर? म्हणून थांबले. मग म्हणलं, समजा आई मागनं आली, तर ती आधी पयलं ठेसन बघंल. फुडं गेले तर तिला कळणारच न्हाई कुठलं. एक म्हातारी म्हणत हुती माझ्या घरी चल. म्हणलं न्हाई, समजा माझी आई आली आनि मी तुमच्या घरात असले तर?"

तुम्ही फलाटावरच्या नळाखाली तोंड धूत होतात. बराच वेळ धूत होतात.

पोरांना घेऊन आपण ताकारीला उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि निम्मा गाव स्टेशनावर होता; मिरजेहून फोनवर बातमी आधीच पोचली होती. "पोरं वाऱ्यावर सोडून कुठं गेला हुता, गुरुजी?" "पोरगी गाडीत चढंपर्यंत तुमी काय करत हुता?" मी मनीचा हात धरून उभी होते. आता बोलायचं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि तुमचा आवाज आला, "मोजणीत चूक माझी झाली."

मला वाटलं, उद्या सांगू. लोक तापलेत, निवले की सांगू.

चार दिवसांनी साहेब चौकशीला आले. मुख्याध्यापकाचा पदभार तुमच्याकडं, त्यामुळं नोटीस तुम्हाला आणि जबाब माझा. मी तीन वाक्यं लिहिली. मुख्याध्यापक या नात्याने मोजणीची जबाबदारी गुरुजींची होती. मुलगी गाडीत चढल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही. त्यानंतर अडीच तास ते मुलांजवळ नव्हते. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. शब्द मला येतात, म्हटलं ना?

का लिहिलं तेही सांगते. नवरा सीमेवर, सासू आजारी, आणि बदली जतला झाली असती तर मी पोर कुणाजवळ ठेवली असती? ही भीती खरी होती. पण आणखी एक गोष्ट खरी होती. गावानं हे तुमच्याबाबतीत जेवढं ताणलं तेवढं दुसऱ्या कुणाबाबतीत ताणलं नसतं, आणि ते का, हे मला कळत होतं. तेच माझ्या पथ्यावर पडलं. मी 'तुमच्यात-आमच्यात' एकदाच बोलले, पण त्या दिवशी त्या शब्दांच्या आडोशाला जाऊन बसले.

प्रशासकीय कारणास्तव बदली, कवठे महांकाळ तालुका. तुमची पेटी एसटीच्या टपावर चढत होती. निरोपाला फक्त पोरं आणि मी. तुम्ही मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, आता बोलतील. बोलावंच असं वाटत होतं.

"बाई, एक काम करा. मनीला खरं सांगा."

"काय?"

"तिला वाटणार, ती चढली म्हणून मी चाललो. ती आता त्याच वयाला आलीया, मागचं लावत बसंल. माझ्यासाठी न्हवं. मला काय, फळा सगळीकडं काळाच असतो. तिच्यासाठी सांगा."

मी म्हणाले, "सांगते."

दर दिवाळीला तुमचं पोस्टकार्ड यायचं. चार ओळी शुभेच्छांच्या, पाचवी 'मनी कशी आहे?' तुम्ही काय विचारताय ते मला कळायचं. मी उलट टपाली लिहायची, 'मनी मजेत आहे.' मनीचे आबा सुखरूप परत आले, पेन्शन घेऊन घरी बसले, शेत बघायला लागले. आता कसलीच भीती उरली नव्हती. आज सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू, तिला जरा कळू दे मग सांगू. बघता बघता ती माझ्या खांद्याला लागली.

मजेत नव्हती ती. रेल्वेत बसत नाही. चष्म्याचा नंबर काढायला मिरजेला न्यायचं तर एसटीनंच येते. गेल्या वर्षी, आठवीत, मराठीच्या बाईंनी कल्पनाप्रधान निबंध दिला, 'घड्याळे बंद पडली तर'. पोरं काय लिहितात, शाळा सुटणार नाही, गाड्या चुकतील. मी तिची वही चाळली. तिनं लिहिलं होतं, घड्याळं बंद पडली तर आठ वर्षांच्या मुली गाडीत चढणार नाहीत आणि चांगल्या गुरुजींना गाव सोडून जावं लागणार नाही. खाली बाईंनी लाल शाईनं 'विषयांतर' असं लिहिलं होतं. मी वही मिटली आणि दप्तरात होती तशी ठेवली. हे जबाबापेक्षा वाईट होतं, गुरुजी. जबाब मी घाबरून लिहिला होता.

मागच्या गुरुवारी तुमची बातमी आली. मनी म्हणाली, मीपण येते. कवठे महांकाळच्या पुढं ती दुसरी एसटी, मग ते चालणं, कुसळं आणि दगड. तुमच्या दारात सुमनकाकूंनी मला ओळखलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, लय उशिरा आलासा." आणि मनीला त्यांनी जवळ ओढून घेतलं.

परतताना खिडकीतून बाहेर बघत मनी म्हणाली, "हितनं दवाखाना किती लांब हाय. ते आपल्या गावात असते, तर मिरजेला येळेत पोचले असते."

मी तिकिटाची घडी घालत बसले.

"मी त्या गाडीत चढले नसते, तर ते जगले असते, आई."

चौदा वर्षांची माझी पोर, एक-एक पायरी बरोबर लावत ती तिथपर्यंत गेली होती. तिच्या विचारात कुठंच चूक नव्हती. चूक तिच्या हातात दिलेल्या माहितीत होती, आणि ती माहिती माझी होती. त्या एसटीतही मी बोलले नाही. माणसं होती, असं मी स्वतःला सांगितलं. माणसं नेहमीच असतात.

काल सांगितलं. शाळेतून आल्यावर, हातपाय न धुता, उभ्या उभ्याच. ती सोप्यात चटई टाकून भूगोल वाचत होती. सगळं सांगितलं. चौदा झाली होती, तुला मी बघितलंच नाही, तशीच पंधरा म्हटलं. त्यांनी विचारलं होतं आणि मी फटकारलं. जबाबात काय लिहिलं तेही. आणि जाताना ते काय सांगून गेले तेही.

तिनं पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं. "बघितलंच न्हाईस?"

"न्हाई."

"आनि गुरुजींना म्हाईत हुतं?"

"व्हय."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "सहावीत असताना मी त्यांना पत्र लिवलं हुतं. माझ्यामुळं झालं, माफ करा म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. "उत्तर आलं?"

"आलं. माझ्या शाळेच्या पत्त्यावर. 'तुझी चूक नाही. का नाही ते आईला विचार.' एवढंच हुतं."

"मग विचारलं का न्हाईस गं?"

"तू रडशील म्हणून."

तुम्ही तिला सांगू शकला असतात, गुरुजी. एक ओळ पुरली असती. ती ओळ तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवलीत आणि तीन वर्षं वाट बघितलीत, आणि माझी पोर तिकडून वाट बघत राहिली. मध्ये मी, दोघांना 'मजेत' म्हणून सांगणारी.

मी तिच्याजवळ बसायला गेले तर ती चटईवरून उठली. आज सकाळी तिनं डबा स्वतः भरून घेतला. दारात चपला घालताना, माझ्याकडं न बघता विचारलं, "रविवारी हेच वाचणार हायस न्हवं? साहेबांफुडं?"

"व्हय."

"मग मी येती," ती म्हणाली. "पर मी सुमनकाकूंच्या शेजारी बसणार."